तीन शहरांचं एक बिऱ्हाड

खोबरेल तेलाच्या बाटलीवरून शहर ओळखता येतं. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. नागपुरात आणि पुण्यात डिसेंबर-जानेवारीत सकाळी बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. ती गरम पाण्याच्या भांड्यात उभी करावी लागते, नाहीतर थंडीपुरतं तेल रुंद तोंडाच्या बरणीत काढून ठेवायचं, म्हणजे बोटानं घेता येतं. मुंबईत तीच बाटली जवळजवळ वर्षभर पातळ राहते. थंडीतल्या एखाद्या पहाटे तळाशी थोडं पांढुरकं धरतं आणि ऊन वर येईपर्यंत विरघळून जातं.

नागपूर, पुणे आणि मुंबई या तिन्ही ठिकाणी बिऱ्हाड केल्यावर माझं मत पक्कं झालंय, की घर कसं चालवायचं हे हवा आणि पाणी ठरवतात. सामान तेच असतं, माणसंही तीच असतात, पण हाताच्या सवयी नव्यानं लावाव्या लागतात. मुंबईत नव्यानं येणाऱ्याला भाडं, डिपॉझिट आणि गर्दी याबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. रवा कसा ठेवायचा आणि खिडकी कधी उघडायची हे फारसं कुणी सांगत नाही, आणि पहिल्या पावसाळ्यात नुकसान होतं ते याच गोष्टींमुळे. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

खिडकीपासून सुरुवात करू. नागपुरात मार्च उलटला की सकाळी नऊच्या सुमाराला खिडक्या बंद, पडदे ओढलेले. बाहेरची हवा आतल्यापेक्षा तापलेली असते, ती आत घेऊन उपयोग नाही. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत तर सूर्य मावळेपर्यंत दार किलकिलंसुद्धा करायचं नाही. मुंबईत याच्या नेमकं उलट. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो तो पश्चिमेकडून. त्या वेळी पश्चिमेची खिडकी उघडी आणि समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकीही थोडी उघडी पाहिजे, नाहीतर वारा आत शिरतच नाही, कारण त्याला बाहेर पडायला वाट नसते. नागपूरच्या सवयीनं दुपारी घर बंद करून बसलात तर घामानं जीव नकोसा होईल.

कूलर मुंबईला आणू नका. ट्रकमध्ये जागा अडवतो आणि इथे काही कामाचा नाही. कूलरमध्ये पाणी गवताच्या ताट्यांवरून झिरपतं, पंखा बाहेरची कोरडी हवा त्यातून ओढतो, पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेला लागणारी उष्णता हवेतून जाते, म्हणून हवा गार होते. नागपूरच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की हे फार छान जमतं, आणि ताट्या वाळ्याच्या असतील तर वासही सुंदर येतो. मुंबईच्या हवेत आधीच एवढं बाष्प असतं की पाण्याची वाफ फारशी होतच नाही. खोली गार व्हायच्या ऐवजी नुसती ओली होते, चादरी चिकट लागतात. खुद्द नागपुरातही पहिला पाऊस पडून गेला की कूलर चिकचिक करायला लागतो, त्याचं कारण हेच. ज्यांना कूलर वापरायचाच आहे अशा नागपूरकरांसाठी दोन गोष्टी: ताट्यांवर पांढरा क्षार धरला की त्या बदलाच, त्यातून हवा नीट जात नाही. आणि टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून आतून घासा, कारण डेंग्यूचे डास याच साठलेल्या पाण्यात वाढतात.

आता शेगडी. ही गोष्ट लहान वाटते, पण याकडे काळजीनं पाहायला हवं. सिलिंडरवर चालणारी शेगडी मुंबईत पाइपच्या गॅसला जोडली, तर ज्योत मरगळलेली, बुटकी येते आणि कुकरची शिट्टी व्हायला दुप्पट वेळ लागतो. पाइपनं येणाऱ्या नैसर्गिक वायूचा दाब कमी असतो आणि तेवढ्याच आकारमानात उष्णताही कमी असते, त्यामुळे जास्त वायू सोडावा लागतो. बर्नरखाली पितळेचा एक छोटा जेट असतो, त्याचं छिद्र पाइप गॅससाठी मोठं लागतं. तो जेट बदलून घेतला की तीच शेगडी नीट चालते. धोका आहे तो उलट दिशेला जाताना. मुंबईची शेगडी पुण्याला नेऊन तशीच सिलिंडरला जोडली तर मोठ्या छिद्रातून फार गॅस येतो, ज्योत पिवळी आणि उंच होते, भांड्यांची बुडं काजळतात आणि हात भाजू शकतो. जेट बदलल्याशिवाय शेगडी पेटवायची नाही, आणि हे काम घरच्या पान्यानं करू नका, गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या. बदलून झालं की ज्योत पाहा: निळी, स्थिर आणि भांड्याच्या बुडाला बिलगणारी हवी. टोकं पिवळी दिसली तर काम बरोबर झालेलं नाही.

पाण्याचं गणित प्रत्येक शहराचं निराळं. नागपूरला पेंच आणि कन्हानचं पाणी, पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणं. मुंबईला सात तलाव: तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा. यातले तुळशी आणि विहार शहराच्या हद्दीतच, राष्ट्रीय उद्यानात आहेत. विहार तर १८६० चा. बाकीचं पाणी लांबून, ठाण्याच्या पलीकडच्या डोंगरांतून येतं. म्हणूनच जुलै लागला की मुंबईकर आपल्या गल्लीतल्या पावसापेक्षा तलावक्षेत्रातल्या पावसाची बातमी आधी वाचतो. कुलाब्यात धो धो पडून पिण्याच्या पाण्याचा प्रश्न सुटत नाही.

तलावाचं हे पाणी मऊ आहे, आणि घरात त्याचा परिणाम जागोजागी दिसतो. साबणाला भरपूर फेस येतो, त्यामुळे बोअरच्या पाण्याच्या सवयीनं धुण्याची पावडर घातलीत तर कपड्यातून फेस निघता निघत नाही. नेहमीच्या निम्म्यापासून सुरुवात करा. डाळ लवकर शिजते. गिझरच्या कॉइलवर क्षाराचा थर फारसा चढत नाही. नागपूर किंवा पुण्याच्या बाहेरच्या भागात बोअर नाहीतर टँकरचं पाणी असेल तर डाळीत चिमूटभर सोडा लागतो, स्टीलच्या नळावर पांढरे डाग पडतात आणि पाणी गाळायला आरओ घ्यावा लागतो. मुंबईत पालिकेचं पाणी येत असेल तर माझ्या मते आरओ घेऊ नये. क्षार आधीच कमी आहेत, ते आणखी काढून मिळत काही नाही, आणि एक लिटर पिण्याच्या पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत जातं. यूव्ही किंवा साधा गाळणीचा फिल्टर पुरतो.

बहुतेक सोसायट्यांमध्ये पालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी, काही तासच येतं. ते आधी जमिनीखालच्या टाकीत पडतं, मग पंपानं गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि तिथून नळाला. घर पाहायला गेलात की तीन प्रश्न विचारा: पाणी किती वाजता येतं, स्वयंपाकघरात थेट लाइनचा नळ आहे का, आणि टाक्या शेवटच्या कधी धुतल्या. थेट नळ असेल तर पिण्याचं पाणी त्याच वेळी भरून ठेवावं, टाकीतलं वापरू नये. पहिल्या जोरदार पावसानंतर काही दिवस पाणी गढूळ येतं. ते स्वच्छ कपड्यानं गाळा, तुरटीचा खडा चार-पाच वेळा फिरवून तासभर निवळू द्या, वरचं पाणी अलगद ओतून घ्या आणि मग खळखळून उकळा. तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. त्यामुळे उकळणं टाळायचं नाही. जूनच्या आधी पाणीकपात लागली तर एक मोठं पिंप असू द्या, पण त्यावर घट्ट बसणारं झाकण हवंच.

पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी पाणी बंद राहायचं, म्हणून बुधवारी रात्री बादल्या भरून ठेवायच्या आणि शुक्रवारी सकाळी पहिलं पाणी सोडून द्यायचं, ही तिथली सवय. मुंबईत वार महत्त्वाचा नसतो, वेळ महत्त्वाची असते.

आता स्वयंपाकघर, आणि इथे मला जरा थांबायचंय, कारण मुंबईच्या हवेचा खरा मारा इथे बसतो. त्याला नेमका शब्द आहे: सादळणं. पापड सादळतो, चिवडा सादळतो, मिठाची ढेकळं होतात, काडेपेटी ओढली तर काडीचं गुल गळून पडतं. जून ते सप्टेंबर प्रत्येक डब्यावर लक्ष ठेवायचं.

रवा आणला त्याच दिवशी भाजायचा. जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, एका वेळी अर्धा किलोपेक्षा जास्त नाही, आठ ते दहा मिनिटं. रंग बदलू द्यायचा नाही. हाताला कोरडा आणि हलका लागला, सराट्यावरून सरसर घसरला की झालं. मग परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. बहुतेकांची चूक इथेच होते. कोमट रवा डब्यात भरला की त्याची वाफ झाकणाच्या आतून थेंब होऊन बसते, ते थेंब रव्यात पडतात आणि आठवड्यात जाळी धरते. न भाजलेला रवा चालला असता, इतकं त्या कोमट भरण्यानं बिघडतं. गिरणीतून आलेल्या पिठाचंही तेच. ते गरम असतं, डब्याचं झाकण दोन तास उघडं ठेवा, वर पातळ कपडा टाका. नागपूर-पुण्यात महिन्याचं पीठ एकदम दळून चालतं. मुंबईत पावसाळ्यात आठ-दहा दिवसांपुरतंच दळा.

नागपूरकडे वर्षाचं धान्य एप्रिल-मेमध्ये भरायची पद्धत आहे, आणि तिथल्या उन्हात ती शोभते. गहू, तूर, तांदूळ गच्चीवर वाळवले की कडकडीत होतात. मुंबईतही मेमध्ये ऊन कडक असतं, पण हवेतला ओलावा जात नाही, त्यामुळे वर्षाची साठवण इथे करू नये, दोन-तीन महिन्यांची पुरे. तूरडाळीला किलोमागे एक लहान चमचा एरंडेल तळहाताला लावून चोळायचं. प्रत्येक दाण्याला नुसती झळाळी यायला हवी, तेलकट नको. तिखट-मसाला काचेच्या बरणीत भरताना मध्ये मध्ये हिंगाचे खडे टाकावेत. मिठात दहा-बारा तांदळाचे दाणे टाकायची रीत आहे आणि ती उपयोगाची आहे, पण दाणे कोरड्या कढईत भाजून गार करून घाला, म्हणजे ओल जास्त ओढतात. ओला चमचा मात्र कुठल्याच डब्यात जाऊ द्यायचा नाही. बुरशी चमच्याबरोबरच आत जाते.

एका बाबतीत मुंबई फार सोयीची आहे. दही उन्हाळ्यात चार-पाच तासांत लागतं, दुपारी विरजलं तर रात्रीच्या जेवणाला तयार. विसरून रात्रभर बाहेर ठेवलं तर आंबट ढाण होतं. पुण्याच्या डिसेंबरात त्याच दह्याला दहा-बारा तास लागतात आणि भांडं पिठाच्या डब्यात खुपसून किंवा जुन्या शालीत गुंडाळून ठेवावं लागतं. विरजणही एक चमचा जास्त घ्यावं लागतं. इडलीचं पीठ मुंबईत सात-आठ तासांत फुगतं, म्हणून भांडं निम्मंच भरायचं, नाहीतर सकाळी ओट्यावर ओघळ दिसतात. मे महिन्यात मीठ आंबल्यानंतर घाला. थंडीतल्या पुण्यात तेच पीठ चौदा-सोळा तास मागतं, म्हणजे रविवारच्या नाश्त्यासाठी शनिवारी दुपारीच वाटायला हवं.

कपड्यांकडे वळू. नागपुरात मे महिन्यात जीन्स तासाभरात वाळते आणि दुपारभर दोरीवर राहिली तर रंग उडतो. मुंबईत जुलैमध्ये तीच जीन्स दोन दिवस घेते, आणि तिसऱ्या दिवशी कुबट वास मारते. वास पावसाचा नसतो. कपडा फार वेळ ओला राहिला की त्यातले जंतू वाढतात, त्याचा तो वास. म्हणून सगळा भर वेगानं वाळवण्यावर हवा. मशीन असेल तर पिळणीचा फेरा दोनदा लावा. एका वेळी थोडेच कपडे धुवा. दोरीवर दोन कपड्यांत चार बोटांचं अंतर ठेवा. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून, कमरेकडून चिमटे लावून टांगा, म्हणजे कंबरेचा गोल उघडा राहून वारा आत शिरतो. पंखा कपड्यांच्या वर नको, बाजूनं वारा लागला पाहिजे. वास एकदा बसलाच तर अर्धी बादली पाण्यात अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा आणि मग नेहमीसारखं धुवा. अत्तर किंवा सुगंधी द्रव टाकून तो वास जात नाही.

कपाटाचा विचार घर लावतानाच करा. मुंबईचा पाऊस नैर्ऋत्य आणि पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर येतो, त्यामुळे त्या बाजूच्या बाहेरच्या भिंती भिजतात आणि आतून सर्द होतात. त्या भिंतीला कपाट टेकवू नका, निदान चार बोटं जागा सोडा. लाकडी कपाटाची मागची प्लाय याच भिंतीपायी फुगते आणि आतल्या पैठणीवर पांढरे ठिपके येतात. रेशमी साड्या सुती कापडात बांधा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. पिशवीत ओल अडकते. चामड्याची पर्स, पट्टा आणि चपला जूनच्या आधी पुसून, पॉलिश करून, वर्तमानपत्रात गुंडाळून उंचावर ठेवा आणि चार महिने रबरी चप्पल घाला. लोखंडी तवा धुतल्यावर लगेच गॅसवर कोरडा करून तेलाचं बोट फिरवा. समुद्राच्या हवेत मीठ असतं, त्यामुळे पुण्यात महिनाभर ठीक राहणारा तवा इथे दोन दिवसांत तांबूस होतो. कात्री, टाचण्या, शिवणयंत्राची सुई यांचंही तेच.

घराबाहेरचं एवढंच सांगते, की पुण्यात अंतर दुचाकीच्या मिनिटांत मोजतात आणि मुंबईत लोकलच्या वेळेनं. इथे गाडीला मिनिटासकट नाव असतं, आठ-बाराची, आठ-सव्वीसची. इंडिकेटरवर चार गोष्टी पाहायच्या: शेवटचं स्टेशन, वेळ, धीमी की जलद, आणि डबे बारा की पंधरा. डब्यांचा आकडा सोडू नका, कारण तुमचा डबा फलाटावर कुठे थांबेल ते त्यावर ठरतं. अंधेरीला किंवा बोरिवलीला उतरायचं असेल तर गर्दीच्या वेळी विरार जलद गाडीत चढू नका. आतली माणसं लांब जाणारी असतात, दारापर्यंत पोचणंच जमत नाही. बोरिवली गाडीची वाट पाहा. उतरायच्या एक स्टेशन आधी "दादर का?" असं पुढच्याला विचारत रांगेत लागायचं. दादरला ९ डिसेंबर २०२३ पासून फलाटांचे क्रमांक सलग झाले आहेत, पश्चिमचे १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४. जुन्या आठवणीवर विसंबून भेटीचा फलाट सांगू नका. रिक्षा माहीम आणि शीवच्या पलीकडे, शहरात जात नाही, तिथून पुढे काळी-पिवळी किंवा बस.

पावसाळ्यात निघण्याआधी पावसाबरोबर भरतीचीही वेळ पाहावी. शहरातलं पाणी नाल्यांवाटे उतारानं समुद्रात जातं. समुद्र चढलेला असेल तर ते बाहेर पडू शकत नाही, आणि साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे यांचं तळं होतं. भरतीच्या वेळा पालिका जाहीर करते, पण कोकणपट्टीतला जुना हिशोब तोंडी करता येतो: तिथीला तीनानं गुणा, चारानं भागा. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. दुपारी आणि रात्री तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. तास-अर्धा तास इकडेतिकडे होतं. सगळ्यात मोठी उधाणं पौर्णिमा-अमावास्येला आणि लगेच पुढच्या एक-दोन दिवसांत असतात, म्हणजे ती भर दुपारी येतात. त्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत असेल तर पाणी उतरायला ओहोटी लागावी लागते. मधल्या वेळात घाईनं पाण्यातून चालत निघण्यापेक्षा आहात तिथेच थांबा. चालावंच लागलं तर पाण्याखालचं झाकण उघडं असू शकतं हे धरून चाला, रस्त्याच्या कडेच्या विजेच्या खांबांना हात लावू नका, आणि पायाला जखम असताना त्या पाण्यातून गेलात तर घरी येऊन साबणानं पाय धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप असाच लागतो, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेत घेतली तर टळू शकतो.

पाऊस मुंबईतून साधारण ८ ऑक्टोबरच्या सुमाराला परततो. त्यानंतरचे दोन आठवडे घरासाठी सोन्याचे असतात, कारण ऊन कडक आणि वारा हळूहळू जमिनीकडून वाहायला लागलेला. तेव्हा गाद्या गच्चीवर टाका, दर दोन तासांनी पालथ्या करा आणि चारच्या आत खाली आणा, उशीर झाला तर सांजेची ओल पुन्हा धरतात. कपाटांची दारं दिवसभर उघडी ठेवा. साड्यांच्या घड्या बदला. पुस्तकं थेट उन्हात नकोत, पानं पिवळी पडतात आणि बांधणी सुटते. ती सावलीत, पंख्याखाली, पानं पंख्यासारखी थोडी उघडून उभी ठेवायची. कव्हरावर बुरशी असेल तर आधी तोंडाला रुमाल बांधा, कोरड्या मऊ ब्रशनं खिडकीबाहेर झटका आणि मगच सुक्या फडक्यानं पुसा. ओलं फडकं लावलं की बुरशी कापडाच्या विणीत आणखी खोल जाते.